पेन की पॅन?

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक धावत माझ्या वर्गात आले, तेव्हा अख्खी दुसरी बकऱ्यांसारखी ओरडत होती. मीही ओरडत होते. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

"काय झालं मॅडम?" सरांनी दारातूनच विचारलं. त्यांच्या हातात खडू तसाच होता.

"काही नाही सर, इंग्रजी चाललंय."

सरांनी एकदा माझ्याकडे, एकदा पोरांकडे बघितलं. मग "चालू द्या, चालू द्या" म्हणत परत गेले. भिंतीपलीकडून त्यांच्या वर्गातल्या पोरांचं हसू ऐकू आलं, आणि लगेच तिकडूनही एक बकरी ओरडली.

देऊळघाटच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. आमचं म्हणजे शाळेचं. मी मूळची खामगावची, लग्नानंतर बुलढाण्यात आले, आणि रोज स्कूटीवरून या शाळेत जाते. शाळेत शिक्षक दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे.

इंग्रजी आमच्याकडे पहिलीपासूनच असतं, पण ते बरीच वर्षं गाण्यासारखं चालायचं. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. ताल असा पक्का की झोपेतून उठवलं तरी पोरं म्हणतील. एकदा सहज म्हणून मी फळ्यावर टी, ए, पी अशी अक्षरं लिहिली आणि म्हटलं, वाचा. कुणालाच वाचता येईना. मग मागून एक जण म्हणाला, "मॅडम, हे गाण्यात नाई."

आणि एका मुलीनं त्याच्या पुढचं विचारलं. "सी, ए, टी मिळून सीएटी व्हायले पायजे ना? मंग थे कॅट काऊन होते?"

मी फळा पुसून टाकला. मी स्वतः असंच पाठ करून शिकले होते. कॅट कॅट का होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

उत्तर मिळालं ते बुलढाण्याला झालेल्या एका प्रशिक्षणात. अशा प्रशिक्षणांत चहा कधी येतो याकडे आमचं अर्धं लक्ष असतं. पण त्या दिवशी शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच वाक्यात मला सरळ बसवलं. त्या म्हणाल्या, "मराठीत क चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं असतं आणि आवाज वेगळा. वाचायला नाव लागत नाही, आवाज लागतो. आणि पाच स्वरांचे आखूड आवाज ज्याला कळले, त्याला वाचनाचं दार उघडलं." मग त्यांनी ते आवाज काढून दाखवले. ॲ, ए, इ, ऑ, अ. प्रत्येक आवाजाला तोंड कसं उघडतं, हनुवटी किती खाली जाते, सगळं. मी त्या दिवशी घरी येताना हेल्मेटच्या आत ॲ, ए, इ म्हणत आले. संध्याकाळी भाकरी टाकताना म्हणत राहिले. नवऱ्यानं विचारलं, "तोंड आलंय का?"

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "आजपासून गाणं बंद. आज आपण अक्षरांचे आवाज शिकायचे. हे जे पहिलं अक्षर आहे, त्याचं नाव ए. पण कॅटमध्ये ते म्हणतं ॲ. आणि हे पाचवं, याचं नाव ई. पण पेनमध्ये ते म्हणतं ए."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हंजे ए नावाचं ए म्हनत नाही, अन् ई नावाचं ए म्हनते?"

"हो."

"येडे हायेत का थे, मॅडम?"

मी काही बोलण्याआधीच सीएटीवाल्या मुलीनं निकाल दिला. "येडे कायले? माह्यं घरचं नाव येगळं, हजेरीतलं येगळं. तसंच हाय थे." सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं की मी तेव्हापासून तसंच शिकवते. अक्षराचं हजेरीतलं नाव आणि घरचं नाव.

पण ॲ काही केल्या कुणाच्या तोंडात बसेना. आमच्याकडे बँकेची ब्यांक होते आणि बॅगेची ब्याग होते. मी ॲ म्हणायची, वर्ग या म्हणायचा. पुन्हा ॲ, पुन्हा या. शेवटी बाहेर कुंपणापाशी चरणारी एक बकरी ओरडली आणि मागच्या ओळीतून कुणीतरी किंचाळलं, "मॅडम, हे तं बकरी बोलते! बॅऽऽ!"

बस. सर धावत आले ते तेव्हाच.

त्यानंतरचा आठवडाभर गावात आवाजांची शिकार चालली. मी सांगितलं होतं, प्रत्येक आवाज कुठं सापडतो ते शोधून आणा. एक जण धापा टाकत आला, "मॅडम, ऑ सापडला! आमचे आबा म्हनतात. काही बी इचारलं की ऑं? ऑं?" इ कुणाला चिंच खाताना सापडला. अ साठी दोघांनी एकमेकांच्या पोटात हळूच गुद्दे मारून पाहिले, ते मी बंद केलं. दुपारच्या सुट्टीत पोरं हनुवटीखाली उलटा हात धरून फिरायची आणि आवाज काढून बघायची. इ ला हनुवटी हलत नाही, ए ला जराशी खाली येते, ॲ ला चांगलीच येते. खिचडी शिजवणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, पोट्ट्यांच्या दाढा दुखून राह्यल्या का?"

मी इतकी खुशीत होते की रोज शाळेत पोचायची घाई व्हायची.

आता त्या मुलीबद्दल सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

ती अगदी पुढं, माझ्या पायांजवळ बसायची. तिथून उठवून मागं बसवलं तर थोड्या वेळानं सरकत सरकत पुन्हा पुढं. फारशी बोलायची नाही. बोललीच तर शब्द जरा गुळमुळीत, नाकातून आल्यासारखे. मराठीच्या श्रुतलेखनात तिच्या गमतीशीर चुका असायच्या. मी पाणी सांगितलं तर ती माणी लिहायची, बाग सांगितलं तर पाग, मामा सांगितलं तर बाबा. सगळ्यांचं तिच्याबद्दल एकच मत होतं, की ही लक्ष देत नाही. पाठमोरं बोललं तर वळूनही बघत नाही. पोरी म्हणायच्या, "थे लय गर्वाची हाय, मॅडम."

पण हनुवटीच्या खेळात ही पोरगी सगळ्यांच्या पुढं निघाली. मी घरून दोन वस्तू आणल्या होत्या, एक पेन आणि माझ्या स्वयंपाकघरातला चपटा पॅन. दोन्ही टेबलावर ठेवायच्या, मी शब्द म्हणायचा, आणि पोरांनी धावत येऊन योग्य ती वस्तू उचलायची. पेन आणि पॅन यांत बाकीच्यांचा गोंधळ व्हायचा. तिचा कधीच नाही. मी शब्द पुरा करायच्या आत तिचा हात वस्तूवर असायचा. पोरं टाळ्या वाजवायची. मला इतका आनंद झाला, की मी सरांना बोलावून दाखवलं. सर म्हणाले, "ही? ही तर कधी तोंड उघडत नाही!"

मग आला खेळाचा पुढचा भाग. प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलं होतं, की पोरं ओठ बघून ओळखायला लागली की आपलं तोंड पुस्तकानं झाका, म्हणजे त्यांना फक्त कानावर भरवसा ठेवावा लागेल. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. तीन-चार पोरं येऊन गेली, कुणी चुकलं, कुणी बरोबर. मग तिची पाळी आली. ती ऐटीत उभी राहिली. आता तीच जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पॅन," मी पुस्तकाआडून म्हटलं.

ती हलली नाही. पुस्तकाकडे बघत राहिली.

"पॅन," मी पुन्हा म्हटलं.

काही नाही. पोरं कुजबुजायला लागली. तिनं एक पाऊल बाजूला सरकून पुस्तकाच्या मागं डोकावायचा प्रयत्न केला, आणि वर्ग हसला. मी पुस्तक खाली केलं. "पॅन." तिनं झटक्यात पॅन उचलला. पुन्हा पुस्तक वर. "पेन." ती पुतळ्यासारखी उभी. पुस्तक खाली, "पेन," आणि पेन तिच्या हातात.

मला एक भलतीच शंका आली होती आणि ती खरी की खोटी हे बघायचा उपायही त्याच क्षणी सुचला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं, तिच्याकडे बघितलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. पॅन.

"मॅडम, आवाजच नाई येऊन राह्यला!" सगळा वर्ग ओरडला.

तिनं पॅन उचलला.

मी आवाज न काढता पेन म्हटलं. तिनं पेन उचललं. पुन्हा पॅन, पुन्हा पेन, दोनदा पॅन. एकही चूक नाही. काहीतरी मोठं घडतंय हे पोरांनाही कळलं होतं. ती मात्र हसत होती, आपण जिंकतोय म्हणून. तिला वाटत होतं सगळे असंच ऐकतात.

मी सरांना बोलावलं. सर आधी मानायला तयार नव्हते. "अहो, घंटा वाजली की पळते की ती. हजेरीला हात वर करते." आम्ही हजेरी घेऊन पाहिली. ती माझ्या तोंडाकडे आणि शेजारणीकडे बघत बसली होती; शेजारणीचा हात खाली आला की हिचा वर. मग सर हळूच तिच्या मागं जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात तिचं नाव घेतलं. तिनं मान वळवली नाही. त्यांनी जोरात हाक मारली तेव्हा ती दचकून वळली. सर माझ्याकडे वळले. "आणि आपण हिला लक्ष देत नाही म्हणत होतो," ते म्हणाले.

त्या श्रुतलेखनाचा उलगडाही मला तिथंच झाला. प, ब, म. तिन्हींना ओठ सारखेच मिटतात! ती जे बघत होती ते लिहीत होती. बिचारी एकाही अक्षराला बेसावध नव्हती.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं तिला घेऊन तिच्या घरी गेलो. घरी कुणी नव्हतं; आई मळ्यात होती. तिचे आईवडील भाजीपाला करतात, वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. आई वांगी तोडत होती. दोन-दोन शिक्षक बांधावरून येताना बघून ती घाबरलीच.

"काय केलं हिनं?"

"काही नाही ताई," मी म्हटलं. "तिला ऐकू कमी येतं, असं वाटतंय."

"आयकत नाई, हे तं सारेच म्हनतात मॅडम. तिचे बाबा म्हनतात, तिची आत्या म्हनते. सांगितलेलं आयकतच नाई. मी बी तेच म्हनतो."

"तसं नाही ताई. ऐकू येत नाही. कानाला."

तिच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हंजे थे मानत नाई असं नव्हतं? तिले आयकूच येत नव्हतं?" आणि एकदम पोरीकडे वळून तिनं तिला जवळ ओढलं, मातीच्या हातांनीच. पोरगी आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, काय चाललंय ते वाचायला.

लहानपणी तिला सारखी सर्दी व्हायची, कान दुखायचे, आम्ही कोमट तेल टाकायचो, असं आईनं सांगितलं. "मंग दुखनं थांबलं. आमाले वाटलं बरं झालं."

बुलढाण्याच्या दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले. कानाच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी नळीतून दोन्ही कान बघितले, एका छोट्या बंद खोलीत तिच्या कानांना यंत्र लावून आवाज ऐकवले, आणि मग आईला खुर्ची ओढून दिली. "घाबरू नका. पडद्याच्या मागं चिकट पाणी साठलंय, दोन्हीकडे. जन्मापासूनचं नाही हे. विहिरीत बुडी मारल्यावर वरचं बोलणं कसं ऐकू येतं, तसं हिला ऐकू येतं. मोठा आवाज कळतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या कसं लक्षात आलं?"

मी पेन आणि पॅनची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि लगेच तोंडापुढं हात धरून माझ्याकडे बघितलं. "असं?" "हो, असंच," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

औषधानं पाणी पूर्ण गेलं नाही. मग अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात एक लहानशी शस्त्रक्रिया ठरली. पडद्याला बारीक छिद्र पाडून पाणी काढायचं आणि तिथं तांदळाच्या कणीएवढी नळी बसवायची. पुढं ती आपोआप गळून पडते. आई सारखी विचारायची, "पडद्याले छिद्र? मंग आवाज बाहीर सांडन नाई ना?" वडील जास्त बोलत नव्हते, पण जायच्या दिवशी बसस्टँडवर सगळ्यांत आधी तेच येऊन थांबले होते. मी एक दिवसाची रजा टाकली. सर म्हणाले, "बिनधास्त जा. दुसरी मी सांभाळतो. फक्त ते ॲ वगैरे मला सांगू नका."

शस्त्रक्रियेला फार वेळ लागला नाही. गुंगी उतरेपर्यंत आम्ही खाटेभोवती बसलो होतो. ती जागी झाली, इकडंतिकडं बघितलं, आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. वर पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी स्टीलच्या डब्याचं झाकण लावत होतं. बाहेर व्हरांड्यात नातेवाईक बोलत होते. तिनं दोन्ही हात कानांवर दाबले आणि रागावून म्हणाली, "इतला कल्ला काऊन करून राह्यले सारे?"

आई रडायला लागली आणि मी हसायला. वडील उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. खामगाव मागं पडेपर्यंत तिचे प्रश्न थांबले नव्हते. "हे काय वाजते?" खिडकीची काच. "अन् हे?" कंडक्टरची पंच करायची मशीन. "अन् हे चर्र चर्र?" "तुझ्याच चपला," मी म्हटलं. तिनं पाय हलवून खात्री करून घेतली. बोथ्याच्या घाटात बस वळणं घेत होती आणि ती प्रत्येक वळणावर इंजिनचा सूर कसा बदलतो ते आईला करून दाखवत होती. आधी हूं, मग घूं, मग घर्रर्र. अख्खी बस तिच्याकडे बघत होती. कुणी तक्रार केली नाही.

मला वाटलं आता सगळं सुरळीत. आता पुस्तकाआडून पॅन म्हटलं की झालंच.

तसं झालं नाही. ती शाळेत आली, पोरांनी तिला गराडा घातला, तिच्या कानात डोकावून नळी दिसते का ते बघितलं. मग त्यांनीच हट्ट धरला, "मॅडम, पेन-पॅन! पेन-पॅन!" मी पुस्तक तोंडासमोर धरलं. "पॅन."

तिनं पेन उचललं.

"पेन." तिनं पॅन उचलला. मग पुन्हा चुकली. तिला आवाज येत होता, हे स्पष्ट दिसत होतं. पण कुठला आवाज म्हणजे काय, हे तिच्या कानांना माहीतच नव्हतं. ते काम इतके दिवस डोळे करत आले होते. जी सगळ्यांच्या पुढं होती ती आता सगळ्यांच्या मागं गेली, आणि तिला ते सहन झालं नाही. तिनं पेन खाली आपटलं आणि जागेवर जाऊन बसली.

मी दुसरं काहीतरी शिकवायला घेतलं. पण सुट्टीत बघते तर ती कडुलिंबाखाली तोंड फिरवून बसलेली आणि ती सीएटीवाली मुलगी तिच्या पाठीशी उभी राहून ओरडतेय. "पॅन! पेन! पॅन! सांग आता!"

बसलेली लगेच उत्तर देत नव्हती. ती आधी ऐकलेला शब्द स्वतः म्हणून बघत होती, हनुवटीखाली हात धरून. "पॅ..." हनुवटी खाली गेली. हाताला कळलं. "पॅन!" ती म्हणाली.

"बरोबर! आता?"

"पे..." हनुवटी थोडीच हलली. "पेन!"

मी व्हरांड्यातून बघत होते. कानानं घ्यायचं, तोंडानं म्हणायचं, हातानं तपासायचं आणि मग सांगायचं! हे मी तिला शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःच वाट काढली होती. मला इतकं राहवेना की मी तिथंच ओरडले, "सर! सर, लवकर या!" सर चहाचा कप घेऊन आले आणि मग तो कप तसाच हातात धरून आम्ही दोघं सुट्टी संपेपर्यंत तो खेळ बघत राहिलो.

काही दिवसांनी हनुवटीखालचा हात सुटला. मग नुसतं पुटपुटणं उरलं. मग तेही गेलं. एका सकाळी मी फळ्यावर इंग्रजी अक्षरांत मुद्दाम निरर्थक शब्द लिहिले, जे कुठल्याच गाण्यात नसतात. झॅब. झेब. लिम. गॉप. पोरं हसून लोळली. ती उठली, फळ्याजवळ आली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाचत गेली. झ, ॲ, ब, झॅब. झ, ए, ब, झेब. शेवटचा गॉप तिनं एका दमात म्हटला आणि विचारलं, "गॉप म्हंजे काय, मॅडम?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मंग मले कसं वाचता आलं?"

या प्रश्नावर मी तिला उचलून घेतलं असतं, पण तेवढ्यात ती दुसरा शब्द मागत होती.

श्रुतलेखनातले प, ब, म आपोआप वेगळे झाले. बोलणंही हळूहळू मोकळं झालं. आता मी दर वर्षी जूनमध्ये पहिलीच्या प्रत्येक मुलाशी एकदा पुस्तकाआडून बोलून बघते, आणि सरही बघतात. ॲ मात्र ते अजून म्हणत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी बुलढाण्याच्या आठवडी बाजारात भाजी घ्यायला गेले होते. ती आता चौथीत आहे. आईच्या शेजारी खाली अंथरलेल्या तळवटावर बसली होती, समोर वांग्यांचा ढीग आणि सांबाराच्या जुड्या. आई गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि ही आरोळ्या देत होती, शेजारच्या तिन्ही दुकानदारांच्या वरताण. मला बघून तिनं हात हलवला आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तो एक तरुण बाप होता. कडेवर लहान मूल, अंगात काळा टीशर्ट, त्यावर छातीभर मोठी पांढरी इंग्रजी अक्षरं. तो वांगी निवडायला वाकला आणि अक्षरं नेमकी तिच्या डोळ्यांसमोर आली.

"बिग," ती मोठ्यानं म्हणाली. तो थबकला. "बॅड." आजूबाजूचे बघायला लागले. "डॅड! बिग बॅड डॅड!"

"काय लिहिलं हाय यावर?" त्या माणसानं स्वतःच्या छातीकडे बघत विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाचणं तिचं झालं होतं, अर्थ माझ्याकडून हवा होता.

"मोठ्ठा वाईट बाप," मी सांगितलं.

"अगं माय!" तो माणूस म्हणाला. "अन् मी हे घालून सासरी जाऊन आलो!"

अख्खी ओळ हसली, मिरचीवाले, कांदेवाले, सगळे. कडेवरचं पोरही हसायला लागलं. तिनं त्याला एक छोटं वांगं धरायला दिलं, आणि पुन्हा जोरात आरोळी ठोकली.